गादी निवडताना : कापूस, काथ्या की फोम?

उमरावती हे अमरावतीचे जुने नाव. एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस याच नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखला जात असे. आखूड धाग्याचा, भरड असा हा देशी कापूस तलम सुतासाठी हलका मानला गेला. गादीसाठी मात्र त्याचा भरडपणा हाच गुण ठरतो; दाबला गेला तरी तो पुन्हा फुगतो. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर देशी वाणांचे क्षेत्र फारच आक्रसले. त्यामुळे कापसाच्या मुलखात राहूनही अमरावती-अकोल्याच्या ग्राहकाला गादीत नेमके काय भरले आहे, हे तपासूनच घ्यावे लागते.

गादी भरून घ्यायची असल्यास पिंजाऱ्याकडे समोर बसून भरून घेणे उत्तम. कवडी कापूस, गिरणीतील टाकाऊ धागा किंवा जुन्या कपड्यांचा पिंजलेला चुरा रुईत मिसळला जातो. शंका आल्यास चिमूटभर रुई सुरक्षित जागी चिमट्यात धरून जाळून पाहावी. कापूस कागदासारखा जळून त्याची मऊ राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गाठ बनते. सरकीचे तुकडे हाताला लागत असतील, तर पिंजण अपुरे झाले आहे असे समजावे. टाके दूरदूर असतील, तर काही महिन्यांतच रुई कडेला सरकून मध्यभागी खळगा पडतो आणि कंबरेचे दुखणे तेथूनच सुरू होते.

‘पाठ दुखते, तर फळीवर झोपा’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. तो सर्वांना लागू नाही. स्पेनमध्ये दीर्घकालीन कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर झालेला अभ्यास २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम मिळाल्याचे आढळले. कडक पृष्ठभागावर खांदे व नितंब टेकतात, कंबर मात्र अधांतरी राहते. अतिमऊ गादीत नेमके उलट घडते. शरीराचा जड मध्यभाग खाली बुडतो.

म्हणून दुकानात गादी हाताने दाबून काहीच कळत नाही. नेहमीच्या स्थितीत दहा-पंधरा मिनिटे तिच्यावर पडून पाहावे, दुकानदार कितीही घाई करो. उताणे पडल्यावर कंबरेखाली हात घालावा. तो सहज आरपार जात असेल, तर गादी फार कडक आहे. मुळीच शिरत नसेल, तर फार मऊ. कुशीवर झोपणाऱ्याला खांद्याला जागा देणारी किंचित मऊ गादी हवी, पालथे झोपणाऱ्याला बरीच कडक. वजनदार व्यक्तीला जी गादी मध्यम वाटते, तीच सडपातळ व्यक्तीला कडक लागते. पती-पत्नीच्या वजनात मोठा फरक असल्यास एका दुहेरी गादीऐवजी शेजारी ठेवलेल्या दोन एकेरी गाद्या केव्हाही सोयीच्या.

वऱ्हाडात एक प्रश्न आणखी असतो, तो उन्हाळ्याचा. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळत असताना दाट फोम शरीराची उष्णता धरून ठेवतो. ‘मेमरी फोम’चा शोध १९६०च्या दशकात ‘नासा’साठी लागला. उष्णतेने मऊ होऊन तो अंगाच्या आकारात दबतो, त्यामुळे त्यात हवा कमीच खेळते. रबराच्या काथ्याची गादी त्यामानाने थंड व टणक असते. स्वस्त प्रकारात मात्र ती लवकर दबते. कापूस घाम टिपतो, पण डेझर्ट कूलरची ओलसर हवाही टिपतो. गादी कूलरच्या थेट झोतात ठेवल्यास तिच्या गुठळ्या होतात. तिला आठवड्यातून एकदा ऊन दाखवणे आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजून घेणे आवश्यक असते. गच्ची नसलेल्या सदनिकेत हे जमणार नसेल, तर कापसाचा हट्ट न धरलेला बरा. उशीसाठी मात्र मेळघाटात दिसणाऱ्या सावरीचा कापूस हलका आणि सुखद असतो.

वृद्धांसाठी गादीइतकीच पलंगाची उंची महत्त्वाची. काठावर बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. उंच पलंगावर जाड गादी टाकली की रात्री उठताना तोल जातो. तान्ह्या बाळाला सपाट व घट्ट गादीच द्यावी, मऊ गादी व भोवतीच्या उशांमुळे श्वास कोंडण्याचा धोका असतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला शय्याव्रण होऊ नयेत म्हणून हवेची गादी वापरतात, तरीही त्याची कूस वेळोवेळी बदलावीच लागते. कंबरदुखीबरोबर पायाला मुंग्या येत असतील किंवा बधिरपणा जाणवत असेल, तर नवी गादी घेण्याआधी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे.