झेंड्यावर बायसन, मोहोरेवर ‘समान हक्क’ : वायोमिंगची गोष्ट

अमेरिकेच्या पश्चिमेला रॉकी पर्वतात वायोमिंग नावाचं राज्य आहे. क्षेत्रफळ सुमारे २.५३ लाख चौरस किलोमीटर, तर २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जेमतेम ५.७७ लाख. म्हणजे महाराष्ट्राच्या पाऊण हिश्शाहून मोठ्या मुलखात आपल्या कोल्हापूर शहराएवढी माणसं! राजधानी शायेन. यलोस्टोन हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान (१८७२) बहुतांशी इथलंच.

झेंड्यावर निळ्या रंगात पांढरा बायसन आहे. त्याच्या अंगावर राज्याची मोहोर, मोहोरेच्या मधोमध एक स्त्री आणि ‘समान हक्क’ ही अक्षरं. हेच राज्याचं ब्रीदवाक्य. मला या दोन शब्दांविषयीच लिहायचंय.

१० डिसेंबर १८६९ रोजी, वायोमिंग अजून राज्यही झालेलं नसताना, तिथे बायकांना मतदानाचा आणि पदावर बसण्याचा हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी एस्थर मॉरिस न्यायदंडाधिकारी झाल्या. संपूर्ण अमेरिकेला हीच गोष्ट घटनेत लिहायला १९२० उजाडलं.

आता कायदा करणारे सगळे पुरुष फार पुरोगामी होते का? तसं नाही. तिथे बायका फारच कमी होत्या, त्या याव्यात असा हिशोब होता. प्रांताचा गाजावाजा व्हावा हा हेतू होता. विरोधी पक्षाच्या गव्हर्नरला पेचात पकडायचं होतं. काळ्या पुरुषांना मत मिळतं तर गोऱ्या बायकांना का नको, हा वर्णद्वेषी युक्तिवादही होता. पण गव्हर्नर कॅम्पबेल यांनी सही करून टाकली! १८७१ मध्ये कायदा रद्द करायचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांनी नकाराधिकार वापरला. तो उलटवायला विरोधकांना एक मत कमी पडलं. १८९० मध्ये वायोमिंग ४४ वं राज्य झालं ते हा हक्क घेऊनच.

पण याच भूमीवर २ सप्टेंबर १८८५ रोजी रॉक स्प्रिंग्जमध्ये गोऱ्या खाणकामगारांच्या जमावाने किमान २८ चिनी मजूर मारले, त्यांची वस्ती जाळली. शिक्षा एकालाही झाली नाही. इथल्या शोशोनी आणि अरापाहो लोकांपैकी अनेकांना तर नागरिकत्वासाठीच १९२४ पर्यंत थांबावं लागलं.

आणि बायकांचं पुढे काय झालं? १९२५ मध्ये नेली टेलो रॉस अमेरिकेतल्या पहिल्या महिला गव्हर्नर झाल्या, याच राज्यात. त्यानंतरच्या शंभर वर्षांत तिथे दुसरी झाली नाही.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. हक्क देणाऱ्यांचा हेतू स्वच्छ नसला तरी हक्क खराच असतो, तो परत घेऊ द्यायचा नाही. आणि ब्रीदवाक्य वाचताना त्यातून कोण वगळलं गेलंय तेही बघायचं. आपल्याकडे महिला सरपंचाच्या खुर्चीवर ‘सरपंचपती’ बसलेला दिसला की मला वायोमिंगची मोहोर आठवते. तुमच्या गावात काय चित्र आहे, कमेंटमध्ये जरूर सांगा.