सुटी नसलेला रविवार : आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींचा साप्ताहिक परिपाठ

धर्मांचा इतिहास शिकताना आपले लक्ष सहसा ग्रंथ, संस्थापक, धर्मपरिषदा आणि भव्य वास्तू यांच्याकडे जाते. या पाठात आपण त्याहून बरीच लहान गोष्ट पाहणार आहोत. पहिल्या-दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यातल्या एखाद्या शहरात मोजक्या कुटुंबांची ख्रिस्ती मंडळी असेल, तर ती आठवडाभरात नेमके काय करत होती? तिच्याकडे स्वतःची इमारत नव्हती, कायद्याचे संरक्षण नव्हते आणि सुटीचा वारही नव्हता.

'मंडळी' हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. मराठी ख्रिस्ती समाजात चर्चच्या समुदायाला मंडळीच म्हणतात. मूळ ग्रीक शब्द 'एक्लेसिया' याचा अर्थही जमलेली माणसे, सभा असाच होता. इमारत हा अर्थ त्याला फार नंतर चिकटला.

आठवडा आणि त्यातला एक दिवस

आज सात दिवसांचा आठवडा आपल्याला निसर्गनियमासारखा वाटतो. रोमन बाजाराचा जुना फेरा मात्र आठ दिवसांचा होता. सात दिवसांचा आठवडा ज्यू लोक पाळत आणि त्यातला शब्बाथ, म्हणजे शनिवार, विश्रांतीचा असे. याच काळात ग्रहांच्या नावांचे वारही साम्राज्यात रूढ होत होते. (हीच वारांची पद्धत पुढे भारतातही आली. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात, इ.स. ४८४ मध्ये, गुरुवारचा उल्लेख सापडतो. आपला रविवार आणि रोमन लोकांचा सूर्याचा दिवस हे एकाच कुळातले आहेत.)

ख्रिस्ती लोकांनी शब्बाथनंतरचा दिवस निवडला, कारण त्यांच्या श्रद्धेनुसार येशूचे पुनरुत्थान त्या दिवशी झाले. पण हा साम्राज्यातला कामाचा दिवस होता. गुलामाला, हमालाला, विणकराला त्या दिवशी सूर्योदयापासून राबावेच लागे. म्हणून एकत्र येण्याला दोनच वेळा उरल्या : उजाडण्यापूर्वी किंवा काम संपल्यावर. पुढची सगळी साधने वाचताना ही अडचण डोळ्यांपुढे ठेवा.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्रोवस येथील अशीच एक रात्रसभा आहे. तिसऱ्या मजल्यावरची खोली, पुष्कळ दिवे, आणि मध्यरात्रीपर्यंत लांबलेले पौलाचे भाषण. खिडकीत बसलेला यूतुख नावाचा तरुण झोपेच्या भरात खाली पडतो. तो मेला असे समजून लोक धावतात, पण तो जिवंत असतो. मग सर्वजण वर जाऊन भाकर मोडतात. लांबलेल्या तासाला डुलकी घेणारा विद्यार्थी इतिहासात नवा नाही, एवढे तरी यावरून कळते.

करिंथ : आधी कोण जेवते?

सुमारे इ.स. ५५ मध्ये पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात एक तक्रार आहे. लोक प्रभुभोजनासाठी जमतात, पण काही जण आपले जेवण आधीच उरकून घेतात. परिणामी एक भुकेला राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो. हे कसे घडत असावे? काही अभ्यासकांचा तर्क असा की सभा श्रीमंत सभासदाच्या घरी भरे. रोमन पद्धतीच्या भोजनकक्षात टेकून बसणाऱ्यांची सोय साधारण नऊ जणांची असे, बाकीचे अंगणात. ज्यांना वेळ मोकळा होता ते लवकर येत, राबणारे उशिरा पोहोचत. पंक्तिभेद आपल्याला भारतात चांगला ठाऊक आहे, म्हणून या पत्रातला राग समजायला आपल्याला फार वेळ लागू नये. पौलाचा उपाय साधा आहे : एकमेकांसाठी थांबा.

त्याच पत्राच्या शेवटी आणखी एक साधी सूचना आहे. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कमाईच्या मानाने काही रक्कम बाजूला ठेवावी. ही रक्कम यरुशलेमच्या गरिबांसाठी होती. रोजंदारीवर जगणाऱ्याला एकदम मोठी देणगी देता येत नाही, आठवड्याला थोडे बाजूला ठेवता येते.

प्लिनीचा अहवाल

आता आपण विरोधकाच्या साधनाकडे वळू. सुमारे इ.स. ११२ मध्ये बिथिनिया-पाँटस या प्रांताचा (आजच्या तुर्कस्तानचा उत्तर भाग) अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्रेजनला पत्र लिहिले. ख्रिस्ती असल्याच्या आरोपावरून माणसे त्याच्यापुढे आणली जात होती. त्यांतल्या काहींनी सांगितले की आम्ही पूर्वी ख्रिस्ती होतो, आता नाही. कोणी तर वीस वर्षांपूर्वीच सोडल्याचे सांगितले. ते काय करत होते, याचे वर्णन प्लिनीने नोंदवले. ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमणे, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणणे, आणि चोरी, लूटमार व व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, ठेव म्हणून ठेवलेले धन नाकारणार नाही, अशी शपथ घेणे. मग पांगायचे आणि पुन्हा जमून जेवायचे. ते अन्न साधे, निरुपद्रवी होते, असेही त्यांनी सांगितले, कारण ख्रिस्ती लोकांच्या जेवणाबद्दल भयंकर अफवा पसरल्या होत्या.

इथे तीन गोष्टी नीट पाहा. पहिली, प्लिनी 'ठरलेल्या दिवशी' एवढेच म्हणतो, रविवार म्हणत नाही. रविवार आपण इतर साधनांवरून ठरवतो. दुसरी, सम्राटाच्या आदेशानुसार प्लिनीने संघटनांवर बंदी घातली होती आणि त्यानंतर हे सोडल्याचे त्या लोकांनी सांगितले. बहुतेक अभ्यासक याचा अर्थ सामूहिक जेवण सोडले, असा घेतात. म्हणजे कायदा आडवा आला तेव्हा त्यांनी पहाटेची प्रार्थना नव्हे, तर एकत्र जेवण सोडले. ज्यांना त्या जेवणाची खरोखर गरज होती त्यांचे काय झाले, याबद्दल पत्रात एक शब्द नाही. तिसरी गोष्ट सर्वांत जड आहे. खरे काय ते काढून घेण्यासाठी प्लिनीने दोन गुलाम स्त्रियांचा छळ करवला. मंडळीत त्यांना 'सेविका' हे पद होते. त्यांच्याकडून त्याला विकृत आणि अतिरेकी अंधश्रद्धेपलीकडे काही मिळाले नाही, असे तो लिहितो. त्यांची नावे त्याने दिलेली नाहीत. मालकाच्या घरात राबणाऱ्या या दोघींकडे मंडळीत जबाबदारीचे स्थान होते, हे आपल्याला कळते ते त्यांचा छळ करणाऱ्याच्या कागदातून.

एवढ्या निरुपद्रवी परिपाठाची सत्तेला भीती का वाटावी? याच ट्रेजनने निकोमीडिया शहरात दीडशे माणसांचे अग्निशमन दल स्थापण्याची प्लिनीची विनंती फेटाळली होती, कारण कोणत्याही नावाने जमलेले लोक शेवटी राजकीय टोळीच बनतात, असे त्याचे मत होते. दुसरे उदाहरण इटलीतील लानुविअम येथील इ.स. १३६ च्या शिलालेखाचे. गरिबांच्या अंत्यविधीसाठी चालणाऱ्या मंडळाचे नियम त्यात कोरले आहेत. प्रवेशाला शंभर सेस्टर्स आणि चांगल्या वाइनचा एक घडा, नंतर मासिक वर्गणी. गुलामही सभासद होऊ शकत. मात्र वर्गणीसाठी महिन्यातून एकदाच जमण्याची मुभा असल्याचा सेनेटचा ठराव त्यात नमूद आहे. ख्रिस्ती मंडळी दर आठवड्याला जमत होती. माझ्या मते, त्या काय म्हणत होत्या याइतकेच त्या किती वेळा भेटत होत्या हेही अधिकाऱ्यांना खटकत असणार.

आतून लिहिलेले वर्णन

सुमारे इ.स. १५५ मध्ये रोममध्ये जस्टिन या तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या ख्रिस्ती लेखकाने सम्राट अँटोनायनस पायस याला उद्देशून आपल्या पंथाचा बचाव लिहिला. त्यात सूर्याच्या दिवसाचा क्रम आहे. शहरातले आणि खेड्यांतले लोक एका ठिकाणी येतात. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेखन वेळ असेल तेवढे वाचतात. 'वेळ असेल तेवढे' यात कामावर जायची घाई मला ऐकू येते, अर्थात हा माझा अंदाज. मग प्रमुख बोध करतो, सर्वजण उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि पाणी मिसळलेला द्राक्षारस वाटला जातो. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देतात. ज्यांना शक्य आहे ते आपल्या इच्छेने देणगी देतात, आणि तिच्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात पडलेले व परगावचे पाहुणे यांचा सांभाळ होतो. जस्टिनच्या खटल्याच्या वृत्तांतानुसार तो एका स्नानगृहाच्या वरच्या जागेत राहत असे आणि लोक तिथेच येत. सुमारे इ.स. १६५ मध्ये त्याला मृत्युदंड झाला.

'दिदाखे' या छोट्या नियमपुस्तिकेत आठवड्याचे इतर दिवसही येतात : बुधवारी व शुक्रवारी उपवास, दिवसातून तीनदा प्रभूची प्रार्थना, आणि ज्यांचे आपसात भांडण आहे त्यांनी समेट होईपर्यंत भाकर मोडण्यास येऊ नये. लहान समुदायात ही शेवटची अट किती अवघड असेल, याची कल्पना करून पाहा.

जागेचा प्रश्न पुढच्या शतकात थोडा सुटला. सीरियातील ड्यूरा-युरोपॉस येथे सुमारे इ.स. २४० मध्ये एका घरातील दोन खोल्यांमधली भिंत पाडून सुमारे तेरा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद दालन केलेले उत्खननात सापडले. वेळेचा प्रश्न सुटायला इ.स. ३२१ उजाडले. त्या वर्षी कॉन्स्टंटाइनने सूर्याच्या दिवशी न्यायालये आणि शहरातली कामे बंद ठेवण्याचा हुकूम काढला. शेतीच्या कामाला मात्र त्यातून सूट होती, म्हणजे शेतमजुराचा रविवार पूर्वीसारखाच कामाचा राहिला.

स्वाध्याय : प्लिनी आणि जस्टिन यांची वर्णने शेजारी ठेवा. एकात असलेली आणि दुसऱ्यात नसलेली प्रत्येक गोष्ट लिहा. मग विचारा, ती घडतच नव्हती, की सांगणाऱ्याला सांगायची नव्हती?