मुरगळलेला घोटा : दुखापतीच्या प्रतवारीचा इतिहास

‘पाय मुरगळला’ या मराठी वाक्प्रयोगात दुखापत कशी झाली एवढेच सांगितले जाते. आत काय तुटले याविषयी तो मौन बाळगतो. वैद्यकाची स्थितीही दीर्घकाळ याहून फारशी निराळी नव्हती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांधा निखळण्याचे सहा प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी ‘विश्लिष्ट’ या प्रकाराची लक्षणे, म्हणजे अल्प सूज, सततची वेदना आणि सांध्याची विकृती, खेळाडूंच्या नेहमीच्या लचकेशी बरीच जुळतात. तीव्रतेनुसार प्रकार पाडण्याची दृष्टी येथे निःसंशय आहे; मात्र ती बाह्य लक्षणांपुरती होती, आणि त्या काळी तिला दुसरा आधारही नव्हता.

१८९५ साली राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. त्यायोगे अस्थिभंग ओळखणे सुकर झाले, पण लचकेच्या बाबतीत एक गैरसमजही दृढ झाला. हाड अभंग दिसले की ‘केवळ लचक’ असा निर्वाळा देऊन रोग्यास घरी पाठवले जाई. वस्तुतः साध्या क्ष-किरणचित्रात अस्थिबंध उमटतच नाहीत. जे दिसत नाही ते किरकोळ, असा हा विचित्र न्याय होता.

तो स्वीडिश शल्यचिकित्सक लेनार्ट ब्रोस्ट्रॉम यांच्या १९६४ पासूनच्या लेखमालेने ढळला. सांध्यात क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव भरून घेतलेली चित्रे आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रिया यांच्या साहाय्याने त्यांनी दाखवून दिले की, लचक म्हणून गणल्या जाणाऱ्या अनेक दुखापतींत अस्थिबंध पूर्णपणे तुटलेला असतो. आणि बहुधा तो घोट्याच्या बाहेरील बाजूचा, पुढल्या अंगाचा अस्थिबंध असतो. पुढे १९६६ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने क्रीडा-दुखापतींची प्रमाण परिभाषा प्रसिद्ध केली. ताण, अंशतः फाटणे व संपूर्ण तुटणे या तीन श्रेणी त्यानंतर सर्वत्र रूढ झाल्या.

ही त्रिविध प्रतवारी सुटसुटीत खरी. परंतु तिच्या वापरात दोन अडचणी होत्या. पहिली परीक्षेच्या वेळेची. सूज व वेदना यांमुळे दुखापतीनंतर लगेच केलेली परीक्षा फसवी ठरते. नेदरलँड्समधील व्हॅन डाइक व सहकारी यांनी १९९६ साली १६० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पाचव्या दिवसाच्या सुमारास केलेल्या हाताच्या परीक्षेने तुटलेले अस्थिबंध ९६ टक्के रुग्णांत ओळखता आले, आणि जेथे ते तुटले नव्हते तेथे ८४ टक्के रुग्णांत निदान बरोबर ठरले. तत्पूर्वी १९९२ साली कॅनडातील इयान स्टील यांनी ओटावा नियम मांडले होते. घोट्याच्या हाडांच्या मागील कडेवर दाबल्यास दुखते काय, रोग्यास चार पावले टाकता येतात काय, असल्या साध्या कसोट्यांवर क्ष-किरणचित्राची गरज ठरू लागली. या नियमांनी अस्थिभंगाची शंका फिटते. लचकेची श्रेणी ठरवण्याचा दावा ते करीत नाहीत, हे अनेकदा विसरले जाते.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. १९६५ सालीच इंग्लंडमध्ये फ्रीमन यांनी निदर्शनास आणले होते की, ‘पाय दगा देतो’ अशी तक्रार करणाऱ्या रुग्णांत सांधा सैल आढळतोच असे नाही. अस्थिबंधातील संवेदनावाही तंतू दुखावल्याने पावलाचा तोल सावरण्याची क्रिया मंदावते, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुखावलेल्या एका पायावर उभे करून रोग्याचा तोल पाहणे ही त्यांची परीक्षा. म्हणजे श्रेणी कमी असलेला धावपटूही मैदानावर पुन्हा पडू शकतो. हा इशारा प्रतवारीच्या तक्त्यात सामावला गेला नाही. ‘पहिली श्रेणी’ ऐकून आठवड्यात खेळावयास उतरलेल्या खेळाडूंना त्याची किंमत मोजावी लागली असणार.

घोट्याच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१९ च्या निवेदनात वेदना, सूज, हालचालींची व्याप्ती, स्नायूंचे बळ, स्थिर व गतिमान तोल, चाल आणि खेळाडूचे स्वतःचे कथन या सर्वांची पाहणी आवश्यक ठरवली आहे. त्यातील तोलाची कलमे वाचताना फ्रीमन यांची १९६५ मधील एकपायी परीक्षा सहज आठवते.