अंगठ्याचा खळगा

डिसेंबर 1901. ओल्या लाकडाचा धूर डोळ्यांत जातो. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, आजच्या केनियातल्या किसुमूजवळ, एका लुओ घरात तुम्ही चुलीपाशी उकिडवे बसला आहात. आजी दगडावर धान्य रगडते आहे. मोहरीएवढे तांबूस दाणे. अहो, ही तर नाचणी! तिला आपण कोकणातली मानतो, पण तिचं माहेर इथलं, पूर्व आफ्रिकेच्या डोंगरपट्ट्यातलं. सोबत थोडी ज्वारीही आहे.

मडक्यात आधण आलं. आजी पीठ वैरते आणि लाकडी चाटूने घाटायला लागते. गोळा घट्ट होतो तशी ती उठून खांद्याचा जोर लावते. मीठ नाही, तेल नाही. हा 'कुओन'.

हात धुवा. उजव्या हाताने लचका तोडा. चटका बसेल, जरा थांबा. तळहातात वळा आणि अंगठ्याने मधोमध खळगा पाडा. आता त्या खळग्यात भाजी भरून घ्या. ओळखलीत? तिळवण. आपल्याकडे पावसाळ्यात रानात उगवते तीच. तिचा कडूपणा मोडायला इथे दूध घालून ती मंद शिजवतात. सुक्या मासळीचं कालवणही आहे, पण या दुधातल्या तिळवणीपुढे मला ते दुय्यम वाटतं.

लांबवर इंजिनाची शिट्टी. मोंबासाहून निघालेले रूळ याच महिन्यात सरोवराला टेकलेत. ते टाकायला सुमारे 32,000 हिंदी मजूर आणले होते. हिंदी माणसांची चपाती पुढे याच नावाने इथली होणार आहे, नाताळाच्या ताटात मानाने बसणार आहे.

डोळे मिटा. उघडा. साठ-सत्तर वर्षं सरली आहेत. गोळा पांढराशुभ्र झालाय: मक्याचा उगाली. कणसावर सालाचं पांघरूण, त्यामुळे पाखरं राखत बसायला नको. पीठ गिरणीत आयतं मिळतं. 1964 साली आलेल्या संकरित वाणाने तर मका घरोघरी नेला. सोबतीला 'सुकुमा विकी', म्हणजे 'आठवडा ढकल': पगार होईपर्यंत निभावून नेणारी स्वस्त पालेभाजी. नाचणी मागे पडली याची मला खरोखर हळहळ वाटते.

तुम्ही लचका तोडता, अंगठा आपोआप मधोमध जातो. तेवढ्यात आतून बाळ रडतं. सून उठते आणि कोपऱ्यातल्या छोट्या पातेल्यावरचं झाकण काढते. आत तांबूस, पातळ, वाफाळती पेज. नाचणीची.