ऑनलाइन संगणकशास्त्र अभ्यासक्रम : अटी व नियम (पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा)

विद्यापीठीय दर्जाचे संगणकशास्त्र इंटरनेटवरून शिकवणारे आणि श्रेयांक, प्रमाणपत्र किंवा पदवी देणारे अभ्यासक्रम. या पट्ट्यात त्यांचे दोन प्रकारचे विद्यार्थी आढळतात : निगडी, आकुर्डी, पिंपरी, ताथवडे, आळंदी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतले पूर्णवेळ विद्यार्थी, आणि आयटीआय किंवा डिप्लोमा करून भोसरी, चिंचवड, चाकण, तळेगाव येथील कारखान्यांत पाळीने काम करणारे तरुण. नियम दोघांना सारखेच असले तरी ते पहिल्या गटाचे वेळापत्रक गृहीत धरून केलेले आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या ऑनलाइन मंचावरील एनपीटेल अभ्यासक्रमांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पिंपरीतील कारखाना (१९५४) आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना (१९६२) यांनंतर पट्ट्याची वाढ झाली, पुढे वाहन उद्योग चाकणकडे सरकला. शेजारी हिंजवडीचे आयटी पार्क उभे राहिल्यावर शॉप फ्लोअरवरून संगणकाच्या नोकरीकडे जाण्याची इच्छा येथे विशेष दिसू लागली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी (२००१) हा बहुतेकांचा पहिला संगणक अभ्यासक्रम. तो मात्र संगणक साक्षरतेचा आहे, विद्यापीठीय संगणकशास्त्राचा नाही. सात आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी एनपीटेल हा ऑनलाइन शिक्षणाचा उपक्रम २००३ मध्ये सुरू केला. त्याची ऑनलाइन प्रमाणपत्रे २०१४ पासून मिळू लागली आणि ‘स्वयम’चे उद्‌घाटन ९ जुलै २०१७ रोजी झाले.

मान्यतेची चौकट : ऑनलाइन व दूरस्थ पदव्यांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२० चे विनियम लागू आहेत. त्यांनुसार अभियांत्रिकीची पदवी ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने देता येत नाही. म्हणून ‘ऑनलाइन बी. ई. कॉम्प्युटर’ अशी मान्य पदवी अस्तित्वात नाही. नोकरी करणाऱ्याला बीसीए, एमसीए, बी. एस्सी. किंवा सुटे प्रमाणपत्र हेच मार्ग उरतात. डिप्लोमाधारकांच्या दृष्टीने चौकटीतील ही सर्वांत महत्त्वाची अट होय. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत अभियांत्रिकीचे वर्ग घेण्याची मुभा काही महाविद्यालयांना दिली आहे, पण ते वर्ग प्रत्यक्ष उपस्थितीचे आहेत. मान्य ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष असल्याचे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर केले. एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्याची परवानगीही त्याच वर्षीची. २०२४ पासून ऑनलाइन व दूरस्थ प्रवेशाआधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा ओळखक्रमांक, म्हणजे डीईबी आयडी, काढावा लागतो.

संस्था : आकुर्डीचे डी. वाय. पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय (१९८४) व निगडीचे पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग (१९९९) ही पट्ट्यातील जुन्या महाविद्यालयांपैकी. पिंपरीच्या डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाचे ऑनलाइन अध्ययन केंद्र मुख्यतः व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांसाठी ओळखले जाते. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (नाशिक, १९८९) हे अभ्यासकेंद्रांमार्फत शिकवते. तेथे संगणकाचे अभ्यासक्रम आहेत.

एनपीटेलचे नियम : (१) प्रवेश. नावनोंदणी व अध्ययन विनामूल्य. शिक्षणाची किंवा वयाची अट नाही. अभ्यासक्रम ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असून वर्षातून दोन सत्रांत, जानेवारीपासून व जुलैपासून, चालतात. सी, जावा, पायथन, डेटाबेस, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम हे नेहमीचे विषय. या पट्ट्यात पायथनसाठी आयआयटी रोपडचे सुदर्शन अय्यंगार व चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद, तर जावासाठी आयआयटी खरगपूरचे देबाशिस सामंत यांचे अभ्यासक्रम माहितीचे आहेत.

(२) स्वाध्याय. दर आठवड्याला एक असाइनमेंट असते. ती भरण्याची मुदत साधारणपणे बुधवारी रात्री ११.५९ ला संपते. उशिरा आलेली असाइनमेंट धरली जात नाही. गुणांसाठी ४ पैकी उत्तम ३, ८ पैकी उत्तम ६ किंवा १२ पैकी उत्तम ८ असाइनमेंट घेतात. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात चार चुकल्या तरी चालते. तीन पाळ्या असून त्या आठवड्याने बदलत असतील तर १२ आठवड्यांत रात्रपाळीही चारच येतात, त्यामुळे कामगाराला ही सवलत जेमतेम पुरते. ओव्हरटाइम किंवा गावची यात्रा यांसाठी जागा उरत नाही. पिंपरी-भोसरीकडे बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, म्हणजे मुदत संपल्यावर.

(३) परीक्षा. प्रमाणपत्र हवे असल्यास १,००० रु. शुल्क भरून नोंदणी करावी लागते. अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना शुल्कात सवलत आहे. परीक्षा ठरावीक केंद्रात संगणकावर, पर्यवेक्षकासमोर, तीन तासांची असते. घरून देता येत नाही. ती साधारणपणे शनिवारी वा रविवारी होते. गुरुवारी सुटी असलेल्या कारखान्यात हे दोन्ही कामाचे वार असल्याने रजा टाकावी लागते किंवा पाळी बदलून घ्यावी लागते. शहराचा पसंतीक्रम नोंदणीतच द्यायचा असतो. हॉल तिकीट व मूळ ओळखपत्र नसल्यास प्रवेश मिळत नाही.

(४) गुण. अंतिम गुणांत स्वाध्यायाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यासाठी स्वाध्यायात किमान १० आणि परीक्षेत किमान ३०, असे दोन्ही वेगवेगळे मिळावे लागतात. स्वाध्यायात ९ व परीक्षेत ७० मिळवणाऱ्याची बेरीज ७९ होते, तरी त्याला प्रमाणपत्र मिळत नाही. नोकरदार विद्यार्थी बहुधा येथेच अडतात : विषय येत असतो, पण सुरुवातीचे आठवडे निसटलेले असतात. ४० ते ५९ ला साधे प्रमाणपत्र, ६० पासून ‘एलिट’, ७५ पासून ‘एलिट व सिल्व्हर’, ९० पासून ‘एलिट व गोल्ड’ अशी श्रेणी आहे. काही प्रोग्रॅमिंग अभ्यासक्रमांत वेगळी प्रोग्रॅमिंग परीक्षा असून तेथे गुणविभागणी बदलते. ती अभ्यासक्रमाच्या पानावर आधीच दिलेली असते.

(५) सचोटी. स्वाध्यायाची उत्तरे समाजमाध्यमांवर फिरतात, हे सर्वश्रुत आहे. परीक्षेचे वजन ७५ टक्के ठेवल्याने त्याचा परिणाम मर्यादित राहतो, असे मानले जाते.

श्रेयांकांचे हस्तांतरण : ‘स्वयम’वरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक मूळ पदवीत धरण्याची मर्यादा आयोगाच्या २०१६ च्या विनियमांत एका सत्रातील अभ्यासक्रमांच्या २० टक्के होती, २०२१ मध्ये ती ४० टक्के झाली. एनपीटेलच्या शिफारशीनुसार ४ आठवड्यांना १, ८ आठवड्यांना २ व १२ आठवड्यांना ३ श्रेयांक. शिफारस बंधनकारक नाही. कोणता अभ्यासक्रम कोणत्या विषयाच्या जागी चालेल, हे स्वायत्त महाविद्यालयात तेथील विद्वत्परिषद, तर संलग्न महाविद्यालयात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा अभ्यासक्रम ठरवतो. परवानगी सत्र सुरू होण्यापूर्वी घ्यावी. नंतर प्रमाणपत्र दाखवून श्रेयांक मिळवणे कठीण जाते. महाविद्यालयातील ‘लोकल चॅप्टर’चे (एनपीटेलच्या स्थानिक केंद्राचे) समन्वयक ही नोंद ठेवतात. श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. जो कोणत्याही महाविद्यालयात दाखल नाही, अशा कामगाराच्या हाती त्या क्षणी फक्त प्रमाणपत्र राहते.

आयआयटी मद्रासची बी. एस. पदवी : डेटा सायन्स व ॲप्लिकेशन्स या विषयातील हा ऑनलाइन पदवीक्रम २०२० मध्ये सुरू झाला. बारावी उत्तीर्ण व दहावीला गणित आणि इंग्रजी असलेला कोणीही अर्ज करू शकतो. जेईईची अट नाही. त्याऐवजी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते. एकूण श्रेयांक १४२. पायाभूत स्तर, डिप्लोमा, बी. एस्सी. व बी. एस. अशा चार टप्प्यांपैकी कोठेही थांबून त्या टप्प्याचे प्रमाणपत्र वा पदवी घेता येते. व्याख्याने घरून पाहायची, पण चाचण्या व सत्रान्त परीक्षा केंद्रावर जाऊन द्यायच्या. कौटुंबिक उत्पन्नानुसार शुल्कमाफी आहे.

साधने : प्रोग्रॅमिंगच्या स्वाध्यायांसाठी संगणक लागतो, व्याख्याने मोबाइलवर पाहता येतात. तीन-चार जणांच्या भाड्याच्या खोलीत लॅपटॉप व शांतता दोन्ही मिळणे अवघड.

भाषा : व्याख्याने व परीक्षा मुख्यतः इंग्रजीत. एनपीटेलच्या काही अभ्यासक्रमांचे मजकूर मराठीत उपलब्ध आहेत. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील सी, जावा, पायथन, लिनक्स इत्यादींचे पाठ मराठी निवेदनासह मिळतात, पण त्यांना पदवीचे श्रेयांक मिळतातच असे नाही.

नोकरीतील मान्यता : कंपनीनुसार भिन्न.