स्टीफन हॉपकिन्सचे कुळमूळ

१. स्टीफन हॉपकिन्स : १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून प्लिमथला गेलेल्या या गृहस्थाचे मूळ ग्लॉस्टरशायरचे, असे जुन्या वंशावळींत बिनदिक्कत छापलेले आढळते. त्याला आडनावाच्या साधर्म्यापलीकडे फारसा आधार नव्हता. १९९८ साली केलेब जॉन्सन यांनी हॅम्पशायरमधील हर्स्ली गावच्या चर्चची नोंदवही पुढे आणली. तीत ११ मे १६०६ रोजी कॉन्स्टन्सचा आणि ३० जानेवारी १६०८ रोजी जाइल्सचा बाप्तिस्मा नोंदला आहे. दोघांचा बाप स्टीफन हॉपकिन्स. (वहीतले दुसरे साल १६०७ आहे, तेव्हा इंग्लंडात नवे वर्ष २५ मार्चला लागे.) त्यांची आई मेरी हिचे दफन मे १६१३ मध्ये तिथेच झाले.

स्टीफन काय नि हॉपकिन्स काय, नावे पैशाला पासरी. मग हाच तो कशावरून, हा आक्षेप रास्त आहे. पण इथे जुळते ते एक नाव नव्हे, सगळे कुटुंब. जहाजावरची कॉन्स्टन्स आणि जाइल्स ही पहिल्या बायकोची मुले, असे वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड स्वतः लिहून ठेवतो. बाप, दोन्ही मुले आणि वेळेआधी वारलेली आई, हे सारे दुसऱ्या एखाद्या गावी योगायोगाने जुळून येणे अवघड. त्याच परगण्यातील अप्पर क्लॅटफर्डला ३० एप्रिल १५८१ रोजी बाप्तिस्मा झालेला, जॉनचा मुलगा स्टीफन मात्र निव्वळ नाव, वय आणि जवळिकीवर उभा आहे. म्हणून हर्स्ली निश्चित धरावे, पित्याचे नाव संभाव्य.