शेवरोलेचं दप्तर

भारतातल्या ट्रकांच्या इतिहासात १९५४ हे वर्ष तीन ठिकाणी भेटतं. मुंबईत शिवडीला १९२८ पासून शेवरोलेच्या मोटारी आणि ट्रक जुळवणारा जनरल मोटर्सचा कारखाना त्या वर्षी बंद झाला. जमशेदपूरला टेल्कोनं डायमलर-बेंझशी करार करून डिझेल ट्रक बांधायला सुरुवात केली. आणि तिकडे अमेरिकेत शेवरोलेनं आपल्या सहा सिलिंडरच्या इंजिनातली पंचवीस वर्षं चालत आलेली बेअरिंगची रीत ट्रकांतूनही काढून टाकली. पहिल्या दोन घटना उद्योगांच्या इतिहासात वाचायला मिळतात. तिसरी सहसा जुन्या गाड्यांच्या शौकिनांनाच ठाऊक असते. पण तिन्ही शेजारी ठेवल्या की एक प्रश्न उभा राहतो. आपल्या रस्त्यांवर त्या दिवशी जे शेवरोले ट्रक धावत होते, त्यांचं पुढं काय झालं? कंपनी देश सोडून गेली होती आणि जी रीत इथं उरली होती, ती खुद्द कंपनीनंच टाकून दिली होती. तरीही ते ट्रक आणखी कित्येक वर्षं चालले. कुणी चालवले ते मात्र कुठं लिहिलेलं नाही.

मी अनुवादक आहे. इंजिनांशी माझा संबंध एरवी शब्दांपुरता. एका हिंदी कादंबरीचा मराठी अनुवाद करताना तिच्यातल्या गॅरेजच्या दोन प्रकरणांवर अडले, आणि इंदूरमध्ये एक जुनं शेवरोले इंजिन उघडलं जाणार आहे असं कळल्यावर वही घेऊन तिथं जायला लागले. मालकाच्या आजोबांचा हा ट्रक आग्रा-मुंबई रस्त्यावर धुळे ते इंदूर माल वाहायचा. काम करणारे उस्ताद सत्तरी ओलांडलेले. शब्द गोळा करायला म्हणून गेलेली मी चार महिने जात राहिले, कारण त्या इंजिनात शब्दांहून अधिक काही नोंदलेलं आहे हे पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं.

आधी इंजिनाविषयी. फोर्डच्या चार सिलिंडरच्या गाडीला टक्कर द्यायला शेवरोलेनं १९२९ च्या मॉडेलात चारच्या किमतीत सहा सिलिंडर दिले. एका रांगेत सहा सिलिंडर असले की पहिला आणि सहावा, दुसरा आणि पाचवा, तिसरा आणि चौथा असे पिस्टन जोडीनं वर-खाली होतात. क्रँकचे हात एकशेवीस अंशांवर असल्यानं एका जोडीचा धक्का बाकीच्या दोन जोड्या खाऊन टाकतात. एक-पाच-तीन-सहा-दोन-चार असा पेट घेण्याचा क्रम. म्हणून हे इंजिन जागेवर हलकं थरथरतं, हादरत नाही. १९३७ मध्ये त्याची नवी रचना झाली: साडेतीन इंची बोअर, पावणेचार इंची स्ट्रोक, २१६.५ घनइंच, म्हणजे सुमारे साडेतीन लिटर. हेच इंजिन युद्धकाळात कॅनडात बांधलेल्या शेवरोले लष्करी ट्रकांत बसलं आणि सुट्या भागांच्या पेट्यांतून मुंबईला येऊन जुळवलं गेलं. युद्धानंतर असे बरेच ट्रक फौजेतून मुलकी वाहतुकीत आले.

१९५३ मध्ये सरकारनं टॅरिफ कमिशनची शिफारस मान्य केली: ज्यांना इथं उत्पादन करायचंय त्यांनीच राहावं, नुसती जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. धोरण म्हणून ते समजण्यासारखं होतं. आज आपण ज्याला भारतीय वाहन उद्योग म्हणतो तो त्यातूनच उभा राहिला. ट्रकमालकासाठी मात्र त्याचा अर्थ एवढाच होता की आता सुटा भाग मागवायला पत्ता उरला नाही. काहींनी पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं बसवलं. बाकीच्यांनी आहे तेच पुन्हा पुन्हा बांधून घेतलं.

इंजिन उघडायचं म्हणजे उलट्या क्रमानं वाचत जायचं. वरचं झाकण, रॉकरची दांडी, बारा पुशरॉड. पुठ्ठ्याला भोकं पाडून उस्तादांनी प्रत्येक पुशरॉड आपल्या क्रमांकाच्या भोकात खोचून ठेवला, कारण इतकी वर्षं ज्या जागी घासला तिथंच तो पुन्हा बसायला हवा. मग हेड. मग खालून चेंबर, म्हणजे तेलाची टाकी. त्यात तळाशी काळा गाळ आणि त्या गाळात चमकणारे राखाडी कण. उस्तादांनी चिमटीत घेऊन बोटांवर चोळले आणि म्हणाले, “व्हाइट मेटल है. बोल रहा था, सुना नहीं किसी ने.” बेअरिंग झिजलं की इंजिन ठोके देतं, ठोक्याला ते बोलणं म्हणत.

पिस्टन बाहेर आले तेव्हा नोंदी सुरू झाल्या. या इंजिनाचे मूळचे पिस्टन बिडाचे. हे सहाही अ‍ॅल्युमिनियमचे होते. म्हणजे कारखान्यातून निघाल्यावर कुणीतरी हे बदलले होते. त्यांच्या माथ्यावर ०.०६० असा छाप होता. गॅरेजच्या भाषेत साठ थाउ, इंचाचे साठ हजारांश. सिलिंडर घासून लंबगोल झाला की तो बोअर करून पुन्हा गोल करतात आणि तेवढा मोठा पिस्टन घालतात. साठपर्यंत पोचायच्या आधी बहुधा तीसचा मुक्काम झालेला असतो. चौथ्या सिलिंडरला वेगळी स्लीव्ह होती, म्हणजे तो कधीतरी साठच्याही पलीकडे बिघडला होता. कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर छिन्नीनं मारलेल्या खुणा होत्या, त्याही किमान दोन हातांच्या: एकानं उभ्या रेघा मारल्या होत्या, दुसऱ्यानं ठिपके. टोपी आणि रॉड यांच्यामध्ये असणाऱ्या पातळ पट्ट्या, म्हणजे शिमा, काही कारखान्याच्या होत्या. काही कात्रीनं कापलेल्या पितळी पत्र्याच्या, कडा वाकड्या.

या शिमांमध्ये रस्त्यावरचा इतिहास आहे. बिजासनच्या किंवा मानपूरच्या घाटात, उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिन फार फिरलं की रॉडचं बेअरिंग ठोकलं जाऊन सैल व्हायचं. मग ड्रायव्हर आणि क्लीनर ट्रकखाली चटई टाकून चेंबर उतरवायचे, टोपी खोलून दोन्ही बाजूंची एकेक शिम काढायचे आणि टोपी पुन्हा आवळायचे. हातोडीच्या हलक्या टपलीनं रॉड बाजूला सरकला म्हणजे बरोबर. सरकला नाही तर जास्त आवळला गेला. तेल गाळून परत ओतायचं आणि निघायचं. हे सगळं उस्तादांनी स्वतः केलं होतं, क्लीनर म्हणून, वयाच्या चौदाव्या वर्षी.

हे शक्य होतं, कारण या इंजिनात रॉडचं बेअरिंग हा वेगळा विकत घ्यायचा भागच नव्हता. रॉडच्या पोटात पांढरा धातू थेट ओतलेला असे. कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा हा मिश्रधातू आयझॅक बॅबिट यानं १८३९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये बेअरिंगसाठी वापरात आणला. बॅबिट मूळचा सोनार. कथलाची भांडी बनवता बनवता तो इथवर आला. तेल पोचवण्याची व्यवस्थाही तशीच साधी. रॉडच्या टोपीखाली एक पळी. ती दर फेऱ्याला तेलाच्या पन्हळीत बुडते आणि तेल उचलून बेअरिंगला पाजते. १९५४ पासून शेवरोलेनं ट्रकांनाही रॉडपर्यंत दाबानं तेल नेणारी रचना आणि तयार मिळणाऱ्या वाट्यांची बेअरिंगं दिली. ती निःसंशय सरस होती. पण वाटी कारखान्यातूनच यावी लागते. पांढरा धातू कुठल्याही गावात ओतता येतो. कंपनी गेल्यावर आपल्याकडचे ट्रक चालत राहिले याचं निम्मं उत्तर मला या जुनाट रीतीत दिसतं. उरलेलं निम्मं ती येणाऱ्या हातांत.

ते हात मी पाहिले. जुना धातू तापवून काढल्यावर उस्तादांनी रॉड तेजाबानं धुतले, तापवले आणि नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्यानं त्यांच्या पोटाला कथील फासलं. पांढरा धूर, तोच घसा धरणारा वास, काळ्या लोखंडावर क्षणात पसरणारी चांदी. “ये तो कल्हई है,” मी म्हणाले. “तो और क्या है, ताई? मेरे उस्ताद पहले बर्तन ही करते थे.” कल्हईवाल्यांच्या पिढीनं ट्रकच्या इंजिनाला हात घातला तेव्हा अर्धं काम त्यांच्या अंगवळणी होतं, हे कुठल्या उद्योगाच्या इतिहासात सापडेल?

मग साच्याच्या दांड्याला दिव्याची काजळी धरली, म्हणजे धातू त्याला चिकटत नाही. कढईतल्या धातूत लाकडाची काडी बुडवली. ती तपकिरी झाली, पेटली नाही, म्हणजे ताव बरोबर. एका दमात ओतलं. थांबलं तर थर पडतो. पुढं लेथवर बोअर, आणि शेवटी क्रँकला निळा रंग लावून, जिथं तो उमटेल तिथं स्क्रेपरनं खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं, सगळीकडे सारखा डाग पडेपर्यंत. एका रॉडला एक दिवस गेला.

माझी वही शब्दांनी भरत होती. मराठी विश्वकोशात पिस्टनला दट्ट्या आणि बेअरिंगला धारवा आहे. दोन्ही शब्द नीट घडवलेले आहेत आणि गॅरेजमध्ये दोन्ही कुणाला कळणार नाहीत. गॅरेजची भाषा वेगळ्या वाटेनं आली. अर्ध्या इंचाचा पाना म्हणजे चार सूत, कारण सुतारानं इंचाचे आठ सूत केले होते. मॅन्युअलमध्ये ज्याला डिपर म्हटलंय त्याला उस्ताद चमचा म्हणतात. मी अनुवादात पळी लिहिलं. इंग्रजी मॅन्युअल या गॅरेजमध्ये कुणी वाचलं नाही, तरी त्यातली जवळजवळ प्रत्येक क्रिया इथं केली जाते, तोंडी शिकवलेली, माप न सांगता हातानं दाखवलेली. याला अनुवाद म्हणायला माझी हरकत नाही. फक्त या अनुवादाची प्रत निघत नाही.

आणि इथंच मला अडचण दिसली. साठ थाउच्या पुढं हा ब्लॉक बोअर होणार नव्हता. म्हणून सहाही सिलिंडरना नव्या स्लीव्ह घालून मूळ साडेतीन इंचावर आणायचं ठरलं. म्हणजे तीसची खूण, साठची खूण, चौथ्याची जुनी स्लीव्ह, सगळं बोअरिंग मशिनवर कीस होऊन खाली पडणार. इंजिन चालायचं तर नोंद पुसायलाच हवी. नोंद ठेवायची तर इंजिन बंद ठेवून काचेआड ठेवावं लागेल. पेशवे दप्तरातला कागद वाचल्यानं नष्ट होत नाही. हे दप्तर दर वेळी उघडून, पुसून, पुन्हा लिहिलं गेलं, म्हणूनच टिकलं. मी मापं घेऊ देण्याची विनंती केली. उस्ताद हसले, पण बोअर गेज लावून एकेक आकडा सांगत गेले: सगळ्यात जास्त झीज वर, जिथं पहिली रिंग उलटी फिरते तिथं, त्यातही पिस्टन रेटला जातो त्या बाजूला. सहा सिलिंडरांचे आकडे वहीत आहेत. रॉडमधून वितळवलेल्या धातूची मात्र काही नोंद नाही. कुणाचा चांगला, कुणाचा शिसं मिसळलेला, सगळा एकाच कढईत एक झाला. तो पुन्हा वापरण्याजोगा नव्हता. भंगारवाल्यानं वजन करून नेला.

मालकाला खरं तर रॉड कापून त्यात तयार वाट्या बसवायच्या होत्या. लांबच्या प्रवासाला ते अधिक भरवशाचं, आणि पुढच्या दुरुस्तीला उस्ताद सापडतीलच असं नाही. उस्तादांचा मुलगा संगणकीय इंजेक्शनच्या गाड्या करतो, धातू ओतत नाही. तरीही शेवटी ओतलेच, कारण साचा अजून भिंतीवर टांगलेला होता आणि ओतणारा समोर उभा होता. मालकाच्या मुलीनं सहाही रॉडांचं चित्रीकरण केलं. सहावा तिनं स्वतः ओतला. पहिल्यांदा थर पडला, काढून पुन्हा ओतला.

जोडणी झाल्यावर मी उस्तादांना म्हणाले, आतल्या बाजूला कुठंतरी तुमचं नाव आणि तारीख मारा. ते नको म्हणाले. “अगले को नाप चाहिए, नाम का क्या करेगा?” त्यांनी रॉडच्या टोप्यांवर जुन्या रेघांच्या आणि ठिपक्यांच्या शेजारी आपली खूण मारली, एक छोटा त्रिकोण, आणि ब्लॉकवर बोअरचं माप. या लेखात त्यांचं नाव नाही ते त्यांच्याच इच्छेनं.

मेकॅनिक म्हणून त्यांचं बरोबर आहे. इतिहासाच्या बाजूनं मला ते पटत नाही. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर यावं म्हणून आम्ही इतकी वर्षं भांडतो आहोत. ज्यांनी एका कंपनीनं सोडून दिलेलं यंत्र पिढ्यान् पिढ्या चालवलं, त्यांच्या नावांसाठी कुणी भांडलेलं नाही. धुळे, शिरपूर, सेंधवा, महू या वाटेवर धातू ओतणारी माणसं आता थोडीच उरली असतील. कादंबरीचा अनुवाद छापायला गेला आहे. वहीची उरलेली पानं मी त्यांच्यासाठी ठेवली आहेत: गाव, उस्ताद कोण, त्यांचे उस्ताद कोण, पहिला रॉड कोणत्या वर्षी ओतला. आतापर्यंत चार पानं झाली आहेत.